दापोलीच्या गारठ्यात पूलवर बबल कव्हर: कव्हर घ्या, विंटर किट घेऊ नका

आधी निकाल सांगतो, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढचं वाचा. बबलवालं सोलर कव्हर (पूलच्या पाण्यावर तरंगत टाकायचा फुग्यांचा प्लॅस्टिक ताव) एक नंबर वस्तू आहे, होमस्टे किंवा फार्महाऊसवर छोटा पूल असेल तर डोळे झाकून घ्या. पण त्याच्यासोबत डीलर लोक हल्ली "विंटर किट" नावाचा, पूल गोठून फुटू नये म्हणून असलेल्या सामानाचा एक खोका गळ्यात मारायला लागलेत, त्याला कोकणात काडीचा उपयोग नाही. आम्हाला पुण्याच्या डीलरने दोन्ही एकाच सेटमध्ये दिलं, वेगळं काढून मिळत नाही म्हणाला. म्हणून दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असला माल चार-पाच नावांनी विकला जातो आणि हातात घेतला तर सगळा सारखाच लागतो.

आमचा पूल दापोलीच्या जरा बाहेर, वर सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर) आहे, बीचवर नाही. २५ बाय १२ फूट, खोली चार फूट, म्हणजे साधारण ३३ हजार लिटर पाणी. हे आकडे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे हिशोबाला लागतील.

आता पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो की कोकणात कसली आलीय थंडी. पुण्याचे पाहुणे तर हे वाक्य गाडीतून उतरता उतरताच बोलतात. अहो दापोली समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास वर आहे, इंग्रजांनी इथे कॅम्प टाकला तो उगाच नाही, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास येतो आणि एखादी रात्र त्याच्याही खाली जाते. आकाश निरभ्र, वरून डोंगराकडून समुद्राकडे सुटलेला कोरडा मतलई वारा, अंगणात बसलेला माणूस हीव भरून आत पळतो. आंब्याला मोहोर यायला हीच थंडी लागते त्यामुळे बागायतदार खूश असतात, पण पूलवाल्याची मात्र वाट लागते.

आणि गंमत अशी की खाली कर्द्याला नाहीतर मुरुडला समुद्राचं पाणी जानेवारीतसुद्धा २६-२७ डिग्री असतं! एवढा मोठा साठा, तो असा चार रात्रींच्या गारठ्याने थंड होत नाही. पाहुणे दुपारी समुद्रात तासभर डुंबून येतात, अंगाला वाळू असते म्हणून आमच्याकडे शॉवर घेतात आणि मग पोरं धावत जाऊन पूलमध्ये उडी मारतात, आणि जी किंकाळी येते ती शेजारच्या वाडीत ऐकू जाते. पूलचं पाणी २० डिग्री. स्पर्धेच्या पूलला २५ ते २८ चा नियम आहे, ते पोहणारे तर सारखे हात मारत असतात, इथे पोरांना नुसतं पाण्यात उभं राहून एकमेकांवर पाणी उडवायचं असतं, त्यांना २९-३० सुद्धा गरम वाटत नाही. २० ला दहा मिनिटांत ओठ निळे. मग आया ओरडतात, पोरं बाहेर, आणि रिव्ह्यूमध्ये तीन स्टार, "पूल आहे पण वापरता येत नाही".

पाणी एवढं थंड का होतं हे मला आधी वाटायचं की जमिनीतून थंडी येते. तसं नाहीये. जमीन उलट बऱ्यापैकी उबदार असते, थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ना, तेच कारण. पूलची उष्णता जाते वरून, आणि त्यातली सगळ्यात मोठी चोरी बाष्पीभवनाची, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा सुमारे ७० टक्के आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की जाताना ०.६८ युनिटच्या (विजेच्या बिलातलं युनिट तेच) आसपास उष्णता घेऊन जातं. आता बघा, रात्री मी टाइलवर पेन्सिलने खूण करून ठेवली, सकाळी पाणी तीन मिलिमीटर खाली. ऐकायला काहीच नाही. पण २८ चौरस मीटर पृष्ठभागावर तीन मिलिमीटर म्हणजे ८४ लिटर, आणि ८४ लिटर म्हणजे ५७ युनिट. माझ्या पूलचं पाणी एक डिग्रीने तापवायला ३८-३९ युनिट लागतात. म्हणजे नुसत्या वाफेतून एका रात्रीत दीड डिग्री गेली, दिवसभर उन्हाने जे कमावलं ते पहाटेपर्यंत साफ. कोरडा वारा जितका जोरात तितकी ही चोरी जास्त, म्हणून सड्यावरचा पूल खालच्या नारळीतल्या पूलपेक्षा जास्त गार.

कव्हर मुख्यतः हेच थांबवतं. वस्तू म्हणाल तर निळसर पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव, एका बाजूला हवेचे फुगे, टीव्हीच्या खोक्यात पॅकिंगला येतो तसाच पण कितीतरी जाड. आमचा ५०० मायक्रॉनचा आहे, ४०० चाही मिळतो, शंभर मायक्रॉनसाठी कंजूषपणा करू नका कारण कव्हर रोज ओढायचं असतं. फुग्यांची बाजू खाली, पाण्याकडे. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या ओळखीत एका ठिकाणी गुळगुळीत बाजू खाली आणि फुगे वर असं महिनाभर टाकलेलं होतं, कारण "वर फुगे छान दिसतात".

बसवायला कोणी माणूस येत नाही, आपल्यालाच करायचं. घडीच्या खुणा असतात त्यामुळे सुरुवातीला ते पाण्यावर नीट बसतच नाही, मध्येच तंबूसारखं वर येतं. चार दिवस तसंच तरंगत ठेवायचं, उन्हाने सैल पडलं की मग साधी मोठी कात्री घेऊन काठाने कापत जायचं. आमच्या पायऱ्यांच्या बाजूला गोलाई आहे तिथे गडी गुडघाभर पाण्यात उभा राहून ताव ताणून धरत होता आणि मी वरून कापत होतो, कापताना फुगे फटफट फुटत जातात आणि कात्रीला पाणी लागून ती सारखी घसरते. काठापासून बोटभर आत कापा, घट्ट कापलंत तर कडा भिंतीवर चढते आणि त्या फटीतून वारा आत शिरतो.

रिझल्ट काय? थर्मामीटर पूलमध्येच तरंगत ठेवलाय त्यामुळे अंदाजपंचे बोलत नाही. सकाळी सातला जिथे १९-२० असायचं तिथे आठवड्याभरात २३ दिसायला लागलं, दुपारी चारला २४-२५. एका रात्रीत चमत्कार होत नाही, हळूहळू चढतं, रोज थोडी शिल्लक राहते. दिवसा ऊन असताना कव्हर काढलं तरी बिघडत नाही, पारदर्शक कव्हर उन्हातली थोडीफार उष्णता अडवतंच, ५ ते १५ टक्के वगैरे. काळं किंवा गडद निळं अपारदर्शक घेतलंत तर ती अडवणूक आणखी वाढते, त्यामुळे "काळं जास्त तापतं" म्हणून कोणी काळं गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. खरं काम संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ. ते सोळा तास कव्हर असलंच पाहिजे.

२५ डिग्रीला मोठ्या माणसांना मजा येते, पोरं अर्धा-पाऊण तास टिकतात. गरम पाण्याचा पूल नव्हे हा. लिस्टिंगमध्ये "हीटेड पूल" लिहिण्याचा मोह होईल, लिहू नका, लोक थेट आंघोळीच्या पाण्याची अपेक्षा घेऊन येतात.

आता रोजचा त्रास, कारण रिव्ह्यूमध्ये हे कोणी लिहीत नाही. आमच्याकडे पहाटे दंव इतकं पडतं की कव्हरवर ठिकठिकाणी पाण्याची थारोळी, त्यात रात्रभर पडलेला पातेरा, लाल माती आणि मोहोर. तसंच ओढलंत तर तो सगळा राडा पूलमध्ये. आधी लांब दांड्याच्या मऊ ब्रशने एका बाजूला लोटायचं, जाळीने काढायचं, मग ओढायचं. एकट्याचं काम नाही, दोन माणसं पाहिजेत. रोलर मिळतो पण त्याची किंमत ऐकून आम्ही सध्या पीव्हीसी पाइपवरच गुंडाळतो, चालतं. गुंडाळून उन्हात उघडं टाकू नका हे मात्र लक्षात ठेवा, थरांवर थर येतात आणि आतली उष्णता बाहेर जात नाही, फुगे वितळून एकमेकांना चिकटतात. वर जुनी पांढरी चादर टाकली की काम झालं. गुंडाळीखाली बेडूक हमखास, आणि बेडूक आले की त्यांच्या मागे दिवड. बिनविषारी असते, सगळ्यांना माहितीय, पण मुंबईच्या पाहुण्यांना पहाटे हे समजावून सांगायला जाऊ नका.

एक फायदा असा झाला जो कुठल्याही माहितीपत्रकात नाही. पूलच्या पूर्वेला आमचीच हापूसची कलमं आहेत, आणि मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांवर फवारणी करावीच लागते. वारा फिरला की ते फवारे सरळ पूलवर. पूर्वी फवारणीच्या दिवशी पूल बंद, पाहुण्यांची तोंडं वाकडी, आणि नंतर पाण्याचं काय करायचं हा घोर वेगळा. आता आधी कव्हर टाकतो, फवारणी झाली की कव्हर जागेवरच पाण्याने धुऊन ते पाणी बाहेरच्या बाजूला काढतो, मगच उघडतो. तुडतुड्यांचा तो चिकट मध जो सगळ्या पानांवर आणि फरशीवर पडतो तोही पाण्यात जात नाही. आंब्याच्या बागेत पूल असलेल्यांनी एवढ्या एका कारणासाठी घेतलं तरी पैसे वसूल.

आता तो विंटर किट.

खोक्यात काय होतं सांगतो: नट आवळला की फुगणारी रबरी बुचं, एक लांबट पोकळ प्लॅस्टिकची बाटली, एक मोठी हवेची उशी, गुलाबी अँटीफ्रीझचे कॅन, शेवाळ मारायचं औषध, आणि पंपाच्या पॅनेलला जोडायचा एक फ्रीझ गार्ड. डीलरचं म्हणणं, "थंडीत पाइप फुटतात साहेब, आधीच काळजी घेतलेली बरी." थंडीत पाइप फुटतात हे खरंच आहे. फक्त दापोलीत नाही फुटत.

ही सगळी सामग्री जिथे पूल गोठतो तिथली आहे, आणि तिथे ती फार विचार करून बनवलेली आहे. पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, त्याच्याखाली गेलं की हलकं होऊन वर येतं, म्हणून बर्फ धरतो तो पृष्ठभागावर आणि खाली पाणी पाणीच राहतं. बर्फ झाला की तेच पाणी ९ टक्के जास्त जागा मागतं. उघड्या पूलमध्ये ती जागा वर मिळते तरी, पण पाइप, पंप, फिल्टरची टाकी, हीटर यांच्यात ती कुठून मिळणार, मग ते फुटतात. म्हणून कॅनडाबिनडात लोक थंडीच्या आधी पूल चक्क बंद करतात, पाण्याची पातळी उतरवायची, ब्लोअरने पाइपांमधलं पाणी फुंकून काढायचं, तोंडाला ती रबरी बुचं मारायची, जिथे पाणी राहण्याची शक्यता तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ ओतायचं (गाडीच्या रेडिएटरमधलं नव्हे, ते बहुतेक इथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि विषारी), स्किमरमध्ये (पूलच्या भिंतीतलं, वरचा कचरा ओढून घेणारं तोंड) ती पोकळ बाटली ठेवायची म्हणजे बर्फाने दाबलं तर बाटली चेपेल, स्किमर वाचेल. जमिनीवर उभ्या पूलमध्ये कव्हरखाली हवेची उशी, तिचंही काम तेच, भिंतीवर येणारा दाब आपण खायचा. वसंत ऋतूत परत सगळं उघडायचं. त्यांच्याकडे पूल उघडणं आणि बंद करणं हा स्वतंत्र धंदा आहे.

फ्रीझ गार्डचा प्रकार वेगळा. जिथे वर्षात दोन-चार रात्रीच गोठतं, टेक्साससारख्या ठिकाणी, तिथे पूल बंद करत नाहीत. हवा ४ डिग्रीच्या आसपास आली की गार्ड आपोआप पंप चालू करतो, पूलमधलं त्यातल्या त्यात उबदार पाणी पाइपांतून फिरत राहतं आणि गोठत नाही. आयडिया झकास आहे. माझा मावसभाऊ डॅलसला असतो, त्याच्याकडे हेच होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिकडे जे बर्फाचं वादळ आलं त्यात लाखो घरांची लाईट गेली, आणि लाईट गेल्यावर पंप बंद, गार्डला नुसतं कळतंय की गारठा पडलाय पण करणार काय. त्याच्या पंपाचं पुढचं जाळीचं भांडं आणि वरचं पारदर्शक झाकण तडकलं, फिल्टरच्या टाकीला उभी चीर गेली. पूलला काहीही झालं नाही, वर बर्फाचा पापुद्रा तेवढा धरला होता. लाईट गेल्या गेल्या मेन बंद करून पंप-फिल्टरची खालची बुचं काढून पाणी सोडून दिलं असतं तर सगळं वाचलं असतं, असं नंतर तिकडच्या मेकॅनिकने सांगितलं. तेवढा एक धडा थंड मुलखात पूल असलेल्यांनी घ्यावा, गार्डच्या भरवशावर झोपू नका.

आता हे दापोलीला लावून बघा. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी दरवर्षी पेपरात येते, पण तिथेसुद्धा ते गवतावर आणि गाड्यांच्या टपावर, तळं कधी गोठलेलं नाही. आमच्याकडे तर हवा शून्यापर्यंत जात नाही, ३३ हजार लिटर पाणी गोठायची गोष्टच सोडा. म्हणजे बुचं, बाटली, उशी, अँटीफ्रीझ, गार्ड, सगळं बाद. राहता राहिलं शेवाळाचं औषध, तेवढं वापरलं. उशी पोरांनी पूलमध्ये खेळायला घेतली. किटचे पैसे वजा करून फक्त कव्हर द्या असं ठणकावून सांगा, दुसरा डीलर देतो, मी नंतर चौकशी केली.

हीट पंप का नाही घेतला असं बरेच जण विचारतात. चांगली वस्तू आहे, हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकते त्यामुळे एक युनिट वीज खाऊन चार-पाच युनिट उष्णता देते, म्हणजे माझ्या पूलला एक डिग्री चढवायला ८-१० युनिट. पण कोटेशन लाखांत येतं, कव्हर त्याच्या दहाव्या हिश्शातसुद्धा बसतं. शिवाय हवा जितकी गार तितकं त्याचं काम कमी, म्हणजे दुपारीच चालवायचा. खाली बीचला एका हॉटेलात बघितला, मागच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर खाऱ्या वाऱ्याने पांढरी भुकटी धरलेली, हाताने दाबली तर पाती चुरगळत होती. आणि मुख्य म्हणजे कव्हरशिवाय हीट पंप म्हणजे दिवसा भरायचं आणि रात्री उडवायचं, आधी कव्हर लागणारच. ज्यांना २८-२९ पाहिजे त्यांनी दोन्ही घ्या. आमच्याकडे तर लाईटचा भरवसा नाही, २०२० च्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातली कित्येक गावं किती दिवस अंधारात होती ते इथे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना आठवत असेल. कव्हरला लाईट लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि डीलर हे एका शब्दानेही बोलला नाही. हे सेफ्टी कव्हर नव्हे. दिसायला सपाट, निळं, घट्ट दिसतं, लहान पोराला वाटतं वर उभं राहता येईल. पाय टाकला की ताव खाली जातो, पोर आत, आणि वरून कव्हर परत मिटतं, बाहेरून दिसतसुद्धा नाही. आम्ही चारी बाजूंनी कुंपण आणि फाटकाला वर कडी लावल्यावरच कव्हर टाकायला सुरुवात केली. आणि पोहायला उघडताना पूर्ण काढा, अर्धं काढून अर्ध्यात पोहायचं असला प्रकार अजिबात नको.

बाकी किरकोळ. क्लोरीन कमी लागतं, ऊन थेट पडत नाही म्हणून. पण शॉक डोस (एकदम मोठा क्लोरीनचा डोस) दिल्यावर कव्हर लगेच टाकू नका, क्लोरीनची वाफ खाली अडकते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होतं, काही तास उघडं राहू दे. पाण्याची बचत खरी कळते एप्रिल-मे मध्ये. विहीर तळाला गेलेली असते, टँकरवाला फोन उचलत नाही, आणि उघडा पूल रोज पाच मिलिमीटर म्हणजे १४० लिटर पितो, महिन्याला चार हजारांच्या वर. तेव्हा मात्र दुपारी पाणी नको तितकं तापतं, म्हणून उन्हाळ्यात दुपारी जाड शेडनेट टाकतो आणि कव्हर रात्री, तेही एखाद-दोन रात्री सोडून.

पावसाळ्यात काढूनच ठेवायचं. साडेतीन हजार मिलिमीटर पावसात त्याचा काय उपयोग, वर तळं साचून ओझ्याने फाटेल. मेच्या शेवटी गोड्या पाण्याने धुवा, दोन्ही बाजू पूर्ण सुकवा, गुंडाळा आणि मांगरात जमिनीवर ठेवू नका, आढ्याला दोरीने टांगा, उंदीर कुरतडतात. आमच्या कव्हरची एक कडा गेली आहे तशी, तिथले फुगे नाहीतच. ऊन आणि क्लोरीन मिळून चार-पाच वर्षांत फुगे आपोआप सुटायला लागतात असं वापरणारे सांगतात, आमचं अजून तिथवर आलं नाही. कव्हरला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो घडीच्या खुणांसाठी. किटला शून्य. अँटीफ्रीझचे कॅन सीलबंद पडलेत, मनालीकडे कोणाचा पूल असेल तर येऊन घेऊन जा, फुकट.